बाणातला ण

४ नोव्हेंबर

चिरंजीव काटक्या,

तू आईला विसरलास असं मी म्हणणार नाही. विसरायचं तर आधी लक्षात ठेवावं लागतं, आणि ते काम तू लहानपणीच माझ्यावर सोपवून मोकळा झालास. तुझा डबा मी लक्षात ठेवायचा, तुझी छत्री मी लक्षात ठेवायची. तेव्हा आधी ओळख करून देते. मी तुझी आई. उंचीला कमी, जिभेला जास्त. डावा कान कामातून गेलेला, उजवा त्याच्या वाटेवर. समोरच्या कोटवाल्या शिंप्याकडची काजं अजून मीच करते. आठवतंय का कुठे पाहिलंय?

अक्षर घड्याळजींचं आहे. खालच्या मजल्यावर त्यांचं दुकान, दुकानामागे खोली, खोलीत ते आणि भिंतीवर लोकांची बंद घड्याळं. मी सांगते, ते लिहितात, मग मी चहा करते. ते म्हणतात, मावशी, फोन का करत नाही? फोनवर तू ओरडतोस, मी हो-हो म्हणते, आणि ठेवल्यावर काय ठरलं ते दोघांनाही कळत नाही. शिवाय पत्रात तुला मध्ये बोलता येत नाही. हा फायदा मला फार उशिरा कळला, नाहीतर तुला वाढवलंसुद्धा पत्रानेच असतं.

तर तुझी लेक इथे आहे, आणि कशी आहे ते तू विचारलं नाहीस म्हणून सांगते. जी एका जागी ठरायची नाही म्हणून मी जिला भिंगरी म्हणायचे, ती गाडीतून उतरली आणि बॅगेशेजारी उभी राहिली. दोघींत बॅग जास्त टवटवीत दिसत होती. घरी आणलं. मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून झोपली, ती अजून बरीचशी तशीच आहे. जेव म्हटलं की जेवते, ऊठ म्हटलं की उठते. केसांत कंगवा अडकतो. आणि प्रत्येक गोष्टीला थँक्यू. पाणी दिलं, थँक्यू. दिवा मालवला, थँक्यू. एकदा मी चुकून तिच्या पायावर पाय दिला, तर म्हणाली थँक्यू आजी. इतके थँक्यू मी उभ्या जन्मात ऐकले नव्हते, आणि प्रत्येकाला तिचा आवाज एक पायरी खाली उतरत होता.

तिला पाठवण्याआधी तू फोनवर म्हणालास ना, "आई, पोरीला जान नाही," ते मला तेव्हा पटलं नव्हतं. तरुण पोरगी, अंगात जान नाही म्हणजे काय? तिला बघितल्यावर पटलं. मनात म्हटलं, आयुष्यभर स्वतःचे मोजे न सापडलेल्या माणसाला लेकीचा आजार एका वाक्यात सापडला. मग मी वेळ घालवला नाही. दवाखान्यात नेलं. तिथे मनाच्या आजाराच्या एक डॉक्टरीणबाई बसतात. त्यांनाही तुझंच वाक्य सांगितलं, की तिचे वडील म्हणतात हिच्यात जान नाही. त्या म्हणाल्या, "वडिलांनी ओळखलं हे फार बरं झालं. पुष्कळ घरांत ओळखत नाहीत." माझी मान अशी ताठ झाली की परत येताना घड्याळजींनी विचारलं, मान धरली का?

बाईंनी दार लावून घेतलं आणि तिच्याशी बराच वेळ बोलल्या. मग मला आत बोलावलं. नैराश्य म्हणतात ह्याला, म्हणाल्या. गोळ्या दिल्या, दर गुरुवारी बोलायला यायचं ठरलं. आणि म्हणाल्या, सध्या हिला एकटीला ठेवू नका. का, ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. आम्हा दोघींना कळलं. तुलाही कळेल, म्हणून हे वाक्य सूनबाईला वाचून दाखवताना तिचा हात धर.

मी माझं अंथरूण मागच्या खोलीत टाकलं आहे. घोरते म्हणून ती तक्रार करेल अशी आशा होती. करत नाही. थँक्यू म्हणते.

तुझी,
(अंगठा नको म्हणतात घड्याळजी, शाई सांडते)
आई


१९ नोव्हेंबर

काटक्या,

तुझं पत्र आलं. एवढ्या लवकर तू कधी परीक्षेचा निकालही सांगितला नव्हतास. त्यावरूनच समजलं की नाकाला मिरच्या झोंबल्या आहेत.

घड्याळजी वाचायला बसले. आता त्यांचं एक आहे. लिहिताना त्यांना ण येतो, बोलताना येत नाही. पानी म्हणतात, लोनी म्हणतात. बारीक स्क्रू हुडकता हुडकता लहानपणी कुठेतरी ण सांडला असावा. (हे लिहा घड्याळजी. लाजायचं काय त्यात.) तर त्यांनी घसा साफ केला आणि वाचलं, "आई, मी जान म्हनालो होतो, जान नव्हे."

मी म्हटलं, पुन्हा वाचा.

"मी जान म्हनालो होतो. जान नव्हे."

मी म्हटलं, माझा मुलगा गेला कामातून, एकाच शब्दाशी भांडतोय. घड्याळजी म्हणाले, "नाही मावशी, दोन वेगळे आहेत. हे बघा." आणि कागद माझ्या डोळ्यांसमोर धरला. मी बघितला. दोन्ही शब्द अंगाने चांगले भरलेले दिसत होते. आणखी मला काय कळणार? ते पुन्हा जान म्हणाले, मग जरा जोर देऊन जान म्हणाले. माझा कान असा, त्यांची जीभ अशी. दोघं तिथेच फिरत राहिलो. चहाचं आधण आटून गेलं.

तेवढ्यात मागच्या खोलीतून आवाज आला. "पहिला बाणातला ण आहे, आजी. दुसरा नळातला न."

ती येऊन दारात उभी राहिली. केस तसेच, पांघरूण अंगावर. म्हणाली, "बाबा म्हणत होते, मला जाण नाही. सगळं मिळूनही त्याची जाण नाही, म्हणजे मी कृतघ्न आहे. आजारी आहे असं ते म्हणालेच नव्हते. तुला फोनवर नीट ऐकू आलं नाही."

घड्याळजींनी डोळ्याला लावायची ती भिंगाची टोपी काढून टेबलावर ठेवली. मी म्हटलं, "म्हणजे तुझा बाप चुकीचं बोलला आणि मला बरोबर ऐकू आलं. मग बहिरं कोण झालं गं आमच्यात?"

काटक्या, तिच्या ओठाचा एक कोपरा हलला. हसू म्हणणार नाही मी त्याला. पण तोंडाची ती बाजू जिवंत आहे हे समजलं.

मग ती पलंगाच्या कडेवर बसली आणि तुमच्या जेवणाच्या टेबलाबद्दल बोलली. मला ठाऊक नव्हतं. रोज संध्याकाळी पहिल्या घासाआधी प्रत्येकाने तीन गोष्टी सांगायच्या, ज्यांच्याबद्दल आभार वाटतात. तूही सांगतोस, सूनबाईही सांगते. ती म्हणाली, "आजी, मी रोज सांगायचे. माझी खोली, आईबाबा, शिक्षण. एकही दिवस चुकवला नाही. आणि एकेक नाव घेतलं की वाटायचं, एवढं असून तुला रडू येतं, म्हणजे तू किती वाईट आहेस. त्या तीन गोष्टी नव्हत्या, माझ्याविरुद्ध तीन साक्षीदार होते. रोज येऊन टेबलावर बसायचे." मग म्हणाली, "मला आभार वाटत नाहीत असं नाही गं. मला काहीच वाटत नाही."

हे मी गुरुवारी डॉक्टरीणबाईंना सांगितलं, भिंगरीला विचारूनच. माझंही मत सांगितलं, की आभार ही चांगली गोष्ट आहे, मी तर खुर्चीत बसताना खुर्चीचेसुद्धा मानते. त्या म्हणाल्या, "आजी, तुम्ही माना. तुम्हाला त्याने बरं वाटतं. पण हिच्या घरात आभार वाटणं म्हणजेच चांगला माणूस असणं, असं ठरलेलं आहे. ज्याला ह्या गोष्टीची किंमत नसते तो न मानता जेवून झोपी जातो. जिला फार किंमत असते ती ते वाटत नाही म्हणून स्वतःला खात बसते. मोडलेला पाय जुळल्यावर चालणं चांगलंच. आज चालायला लावू नका."

मला पटलं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आणि तुझं आपलं चालू, पी हळद हो गोरी, म्हण आभार हो बरी.

तू लिहितोस, डॉक्टर बंद कर. नाही करणार. तू लिहितोस, तुझ्या साहेबांनी मेहरबानी करून तिच्यासाठी ऑफिसात जागा धरून ठेवली आहे, फेब्रुवारीत येऊन तिला घेऊन जाईन. ये. आईला भेटायला यायला मी कधी नको म्हटलं? पण तिला आत्ता त्या टेबलाशी परत बसवलंस तर काय होईल, ते मागच्या पत्रातलं वाक्य पुन्हा वाच. जे सूनबाईचा हात धरून वाचायचं होतं ते.

मला माहीत आहे तुझं हे कुठून आलं. तुझे वडील गेले त्या वर्षी तू बोलायचा बंद झाला होतास. मग शाळेच्या समारंभात गुरुजींनी तुला आभारप्रदर्शनाला उभं केलं. आभारप्रदर्शन सुरू झालं की लोक चपला शोधायला लागतात, पण तुझ्या वेळी कुणी उठलं नाही. तू पाणी देणाऱ्या गड्याचेसुद्धा आभार मानलेस आणि सगळं सभागृह टाळ्या वाजवत राहिलं. त्या टाळ्यांना धरून तू वर आलास. मी बघितलंय ते, मागच्या रांगेतून. म्हणून तुझ्या आभारांची मी थट्टा करते, पण हेटाळणी करत नाही. तुझी दोरी तुला पुरली. ती लेकीच्या गळ्यात अडकवू नकोस, एवढंच.

आई


२२ डिसेंबर

काटक्या,

तुझं उत्तर नाही. फोनही नाही. ठीक. रुसलेल्या माणसाला पत्र लिहायला बरं, तो उठून जाऊ शकत नाही.

मधला एक आठवडा वाईट गेला. बाईंनी गोळी बदलली, तेव्हा ती अंघोळीला उठेना, जेवणाचं ताट तसंच्या तसं परत यायचं. मला वाटलं, सगळं पुन्हा खाली गेलं. बाई म्हणाल्या, वर जाणारा रस्ता पण मध्ये मध्ये उतरतो. मी म्हटलं, तो उतार माझ्या घरातून जातोय, तुम्हाला सांगायला सोपं आहे. तर त्या हसल्या आणि बुधवारी पण बोलावलं.

आता माझ्या कामाचं. माझे डोळे सुईच्या नेढ्याला हरलेत. काज मी बोटांनी करते, त्याला डोळे लागत नाहीत, पण दोरा ओवायला लागतात. पूर्वी घड्याळजींकडे सुया घेऊन जायचे. मग म्हटलं, घरात दोन तरुण डोळे नुसते भिंतीकडे बघतायत. तिच्या उशाशी सुया आणि रीळ नेऊन ठेवलं. म्हटलं, हे ओवून दे. दिलं तिने. मी थँक्यू म्हटलं नाही. म्हटलं, दोरा लांब ठेवलास, गुंता होतो, हातभर पुरे. दुसऱ्या दिवशी हातभर ठेवला. मी म्हटलं, गाठ मोठी मारलीस, कोटवाला शिंपी मला दुकानाबाहेर उभं करेल. तिने गाठ बारीक केली. असं आमचं सुरू झालं. मी नावं ठेवायची, तिने सुधारायचं. सगळे तिच्याशी काचेच्या भांड्यासारखे वागत होते. मी तिला पितळेच्या भांड्यासारखं वागवलं.

आणि परवा सकाळी, लक्ष देऊन ऐक, तिने चहाचा एक घोट घेतला आणि म्हणाली, "आजी, हा चहा आहे की भांडी धुतलेलं पाणी?"

काटक्या, मी स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला धरून उभी राहिले. एवढे दिवस थँक्यू-थँक्यू करत प्यायली ना हेच पाणी. मी चहा तसाच करते, पन्नास वर्षं, तुझ्या वडिलांनी कधी बोलायची हिंमत केली नाही. बाहेर येऊन म्हटलं, "एवढी चव कळते तर स्वतः कर." तिने केला. कडक झाला होता, जीभ सोलून निघाली. घड्याळजींना बोलावून पाजला. ते म्हणाले, "छान झालाय," आणि मग गुपचूप पानी मागितलं. आम्ही तो दिवस साजरा केला. मी शिंप्याच्या बायकोलासुद्धा सांगून आले, माझी नात मला टाकून बोलली. तिला वाटलं मला वाईट वाटलंय. तिने माझं सांत्वन केलं.

मला सांगायचं होतं ते हे, की तक्रार करायला सुद्धा माणसाला

इथून पुढे अक्षर वेगळं दिसेल. खाली कुणीतरी बंद पडलेलं घड्याळ घेऊन आलं, घड्याळजी वाक्य अर्ध्यावर टाकून गेले. मी म्हटलं, आता हे वाक्य असंच लोंबकळत राहणार? तर भिंगरी येऊन बसली आणि पेन घेतलं. मी सांगते ते लिही, म्हटलं, अक्कल लढवू नकोस. तर लिही: तक्रार करायला सुद्धा माणसाला आपण काहीतरी बरं मिळायच्या लायकीचे आहोत असं वाटावं लागतं. लिहिलंस? पुढे लिही: ही पोरगी आळशी आहे, दहा वाजेपर्यंत लोळते.

(बाबा, हे आजी सांगतेय, मी फक्त लिहितेय. दहा नाही, नऊ. आणि ही घोरते. कोटवाल्या शिंप्याचं मशीनसुद्धा इतका आवाज करत नाही.)

काय लिहिलंस गं एवढं? मी तर दोनच शब्द सांगितले. वाच. नको, राहू दे. तुझ्या बापाला कळू दे.

आई


१२ फेब्रुवारी

काटक्या,

तू आलास, एक दिवस राहिलास, गेलास. तू होतास तोवरचं तुला ठाऊक आहे. पण तुला काय दिसलं आणि मला काय दिसलं यात फरक आहे, आणि तू गेल्यावरचं तर तुला माहीतच नाही. हे पत्र घड्याळजी लिहितायत, कारण भिंगरीसमोर मला हे सांगायचं नाही.

तू दोन तिकिटं काढून आला होतास. आल्या आल्या ती खिशातून काढून कपाटावर ठेवलीस. भिंगरीने बघितली, मीही बघितली. ती आत जाऊन बटाटे सोलायला लागली. एवढे सोलले की निम्मे घड्याळजींना द्यावे लागले. मी म्हटलं, "जायचंय का तुला?" म्हणाली, "मला नाही म्हणता येईल का ते मला माहीत नाही." मी सालं उचलून टोपलीत टाकली. माझ्या तोंडाने तिने नाही म्हटलं असतं तर ते माझंच झालं असतं.

मग संध्याकाळी घड्याळजींसकट जेवायला बसलो. सूप वाढलं. तू हात जोडून म्हणालास, "आपण आधी तीन गोष्टी सांगू. भिंगरी, तू सुरू कर." प्रेमाने म्हणालास, ते मान्य आहे.

ती पावाचा तुकडा हातात धरून बसली. मी टेबलाखाली माझंच लुगडं मुठीत धरलं होतं. मग ती म्हणाली, "बाबा, मला आज कशाबद्दलच आभार वाटत नाहीत. आणि तरी मी जेवणार आहे."

आणि पाव सुपात बुडवून खाल्ला.

काटक्या, तुझे वडील गेल्यावर तू सभागृह जिंकलंस तेव्हा मी एवढी ताठ बसले नव्हते. तुला वाटलं उद्धटपणा झाला. तुझा चेहरा पडला. तू म्हणालास, "मग मी सांगतो." म्हणालास, एक, आई. दोन, नोकरी. आणि मग थांबलास. चमचा हातात तसाच. मी वाट बघितली. घड्याळजी मिठाचं भांडं उगाच सरकवत होते. तिसरी काही येईना. तुझ्या कपाळावर घाम होता आणि खोली तर गार होती. तेव्हा माझ्या लक्षात आलं, नोकरीचं नाव घेताना तुझा आवाजही तसाच एक पायरी उतरला होता.

भिंगरी उठली. तुझ्या सुपात आणखी गरम सूप घातलं आणि म्हणाली, "तिसरी राहू द्या बाबा. जेवा."

तू जेवलास. दोनदा मागून घेतलंस. त्यानंतर कुणीच काही मोठं बोललं नाही. घड्याळजींनी ती गोष्ट सांगितली, एका बाईने नवऱ्याचं घड्याळ पाच वेळा दुरुस्तीला आणलं आणि ते कधी बिघडलेलंच नव्हतं. तू हसलास. हसताना तू अजून काटक्या दिसतोस, पोट सोडून.

मग ती म्हणाली, "बाबा, मी अजून इथेच राहणार आहे. साहेबांना सांगा, जागा दुसऱ्याला द्या, ज्याला खरंच हवी असेल." तू माझ्याकडे बघितलंस. मी पावाचे कण गोळा करत होते. तू म्हणालास, "बरं."

गाडीत तुझ्या शेजारची जागा रिकामी गेली असेल. त्या रिकाम्या जागेवर पिशवी ठेवून तू झोपला असशील तर उत्तम.

तू गेल्यावरचं आता सांगते. ती स्टेशनवरून आली, चपला काढल्या आणि रडली. आधीचं रडणं वेगळं होतं, त्याला पाणी असायचं पण चव नसायची. ह्या वेळी नाक शिंकरत, हुंदके देत, लहान मुलासारखी रडली. मग डोळे पुसून मला विचारलं, "आजी, बाबा थकलेत का गं?"

इतक्या महिन्यांत तिला स्वतःच्या पलीकडचं काही दिसलं नव्हतं. पहिलं दिसलं ते तुझं थकणं. मी म्हटलं, "हो. बरीच वर्षं." ती म्हणाली, "मग त्यांना कुणी नेलं नाही का डॉक्टरकडे?" मी म्हटलं, "त्यांच्या आईला तेव्हा दोन्ही कानांनी चांगलं ऐकू यायचं."

ह्यावर घड्याळजी लिहायचे थांबलेत आणि माझ्याकडे बघतायत. बघू देत.

आई


३० मार्च

काटक्या,

तुझं पत्र भिंगरीने वाचून दाखवलं. तिचे ण चांगले खणखणीत आहेत, त्यामुळे चहाचं आधण आटलं नाही. सूनबाईनेही घड्याळजींच्या दुकानात फोन केला होता. म्हणाली, तुम्ही जेवताना आता तीन गोष्टी सांगत नाही, तोंडाला येईल ते बोलता. परवा तू ऑफिसला अर्धा तास शिव्या घातल्यास आणि ती ऐकत बसली. इतक्या चांगल्या शिव्या तुला येतात हे तिला लग्नानंतर पहिल्यांदाच कळलं, आणि हे सांगताना ती खुदुखुदू हसत होती. आणि तू कुणाला तरी दाखवून आलास, हेही सांगितलं. मी काही विचारत नाही. जात राहा. मधला उतार आला तर घाबरू नकोस, तो रस्त्याचाच भाग आहे, मला आता पाठ झालंय.

इकडची मोठी बातमी. हे पत्र भिंगरीच लिहितेय, तेव्हा मध्ये कंसात काही दिसलं तर माझं समजू नकोस.

कोटवाल्या शिंप्याला हाताखाली माणूस हवं होतं. मी काही बोलले नाही. ती आपणहून गेली, केस विंचरून. काचेचं दार ढकलून आत गेली, आणि मी खिडकीत पडद्यामागे. शिंपी तिला ओळखतोच. म्हणाला, "तुझ्या आजीकडे बघून देतोय हो जागा. जाणीव ठेव."

काटक्या, माझ्या काळजाचा ठोका चुकला. म्हटलं, झालं, तिथेही तेच टेबल निघालं.

(आजीला खिडकीतून काही ऐकू येणं शक्य नाही. हे मी तिला घरी येऊन सांगितलं.)

ठोका चुकला तो चुकलाच. तर ही त्याला म्हणाली, "काका, मी आठवडाभर काम करते. तुम्हाला आवडलं तर ठेवा, मला आवडलं तर राहीन. आभाराचं दोघांनी मिळून नंतर बघू." शिंप्याने टेप गळ्यातली काढून हातात घेतली, पुन्हा गळ्यात घातली. म्हणाला, "जीभ अगदी आजीची आहे." ती म्हणाली, "हात पण." आणि बसली मशीनवर.

आठवडा झाला. ठेवलंय. शिवाय तिने त्याला सांगितलं, की दुकानातला आरसा वाकडा लावलाय, सगळी गिऱ्हाइकं त्यात एका खांद्याने उतरलेली दिसतात आणि कोट पुन्हा पुन्हा दुरुस्तीला आणतात. इतकी वर्षं त्याला वाटायचं, ह्या शहरातल्या लोकांचे खांदेच तसले. आता आरसा सरळ आहे. गल्लीभर चर्चा आहे. मी रोज कारण काढून तिकडून जाते आणि लोकांनी विचारायच्या आधीच सांगते, माझी नात.

गोळ्या चालू आहेत. गुरुवार चालू आहे. वाईट दिवस अजून येतात. मागच्या सोमवारी ती दुपारपर्यंत उठली नाही, शिंप्याला मी निरोप दिला. मंगळवारी गेली. बाई म्हणतात, अजून वर्षभर धीर धरा. मी म्हटलं, माझ्याकडे वर्षभर आहे, तुम्ही असाल ना?

आता एक गोष्ट सांगते, आणि ही लिहिताना तिला लाज वाटली तरी लिहायची आहे. काल सकाळी उठले तर ती कामावर गेलेली. माझ्या खुर्चीत सुयांची उशी ठेवली होती आणि तिच्यात सगळ्या सुया ओवून टोचलेल्या. पांढरा वेगळा, काळा वेगळा, तपकिरी वेगळा. दोरे हातभर, गाठी बारीक. कुणी सांगितलं नव्हतं. मी बोट फिरवून बघितलं, एकाही गाठीला नाव ठेवता येईना. ती संध्याकाळी आली तेव्हा मी अवाक्षर काढलं नाही. तिनेही नाही. जेवताना तिने माझ्या ताटात मोठा बटाटा वाढला, मी तिच्या ताटात तो परत ठेवला, आणि शेवटी आम्ही तो कापून घेतला. तेव्हा ती बशीकडे बघत हळूच म्हणाली, "आजी, मला आज खूप बरं वाटलं. का ते माहीत नाही. कुणाला तरी सांगावंसं वाटलं, म्हणून."

मी म्हटलं, "मला ऐकू आलं नाही. पुन्हा सांग."

तिने पुन्हा सांगितलं, मोठ्याने. मला पहिल्यांदाच ऐकू आलं होतं, पण असली गोष्ट कोण एकदाच ऐकेल?

(आजी, हे तू मला आत्ता सांगतेस?)

मे महिन्यात ती तुमच्याकडे येईल, स्वतःच्या तिकिटाने, आठ दिवसांसाठी, आणि परत इथे येईल. तुझ्या टेबलाशी तिला हवं ते बोलू दे. गप्प बसली तर गप्प बसू दे. जेवली की झालं.

आणि येताना तिच्याबरोबर काही पाठवायचं म्हणून तू त्या गोड, लाल, चिकट जामच्या बरण्या पाठवशील, तर नको. सूनबाई करते तो संत्र्याचा पाठव, सालींसकट, कडवट लागतो तो. तीन बरण्या. एक आमची, एक डॉक्टरीणबाईंची, आणि एक घड्याळजींची, त्यांच्या बरणीत साली बारीक चिरायला सांग, त्यांचे मागचे दात गेलेत. बरण्या वर्तमानपत्रात गुंडाळू नकोस, मोज्यांत घाल. मोजे धुतलेले असू देत.

आई